रानचे पान, मानाचे पान

'वाइल्ड कार्ड' हा शब्द मराठी वृत्तपत्राच्या क्रीडापानावर आता कुणाला अडत नाही. 'मुख्य फेरीत वाइल्ड कार्डद्वारे प्रवेश' एवढे वाचले की वाचक पुढच्या ओळीवर जातो. धाराशिव जिल्ह्यात टेनिसपेक्षा खो-खोचे कौतुक अधिक. सारिका काळे ही अर्जुन पुरस्कार मिळवणारी खो-खोपटू इथलीच. पण वाइल्ड कार्ड इथेही ठाऊक आहे, आणि त्याचे श्रेय टेनिसपेक्षा 'बिग बॉस'ला द्यावे लागेल असे दिसते. दोन्हीकडच्या क्रियापदांत मात्र एक गंमत आहे. टेनिसमध्ये वाइल्ड कार्ड 'मिळते'. बिग बॉसच्या घरात वाइल्ड कार्ड 'येते', कधी कधी तर 'भांडते' आणि 'रडते'सुद्धा. एकीकडे कार्ड ही वस्तू, दुसरीकडे कार्ड म्हणजे खुद्द ते माणूस. एकाच शब्दाचे इतक्या थोड्या वर्षांत असे दोन संसार झाले असतील, तर त्याच्या कुळाची चौकशी करायला हवी.

कार्डापासून सुरुवात करू, कारण त्याची वंशावळ बरीच सरळ आहे. इंग्रजी 'कार्ड'च्या मागे फ्रेंच 'कार्त', त्यामागे लॅटिन 'कार्ता' आणि त्याही मागे ग्रीक 'खार्तेस', म्हणजे लिहायचे पपायरसचे पान. चार्ट, चार्टर, कार्टून ही सगळी याच घरातली भावंडे. अरबीतला 'किर्तास' हाही याच ग्रीक शब्दाचा अवतार मानतात. धाराशिवकरांनी या खार्तेसला अगदी परका समजू नये. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाचे फार मोठे नगर असल्याची नोंद आहे, आणि ते तगर म्हणजे आपले तेर, गोरोबाकाकांचे तेर. तिथला माल भडोचला जाई आणि तिथून जहाजाने पश्चिमेकडे. त्या ग्रीक व्यापाऱ्याने ही नोंद कशावर केली असेल? बहुधा खार्तेसवरच. म्हणजे तेरचे नाव कार्डाच्या आज्यावर लिहिले गेले, त्याला जवळजवळ दोन हजार वर्षे होत आली.

ग्रीकांनी पपायरसच्या पानाला कागद केले आणि त्यांच्या वारसांनी त्या कागदाचे पत्ते. आपल्याकडे वाट वेगळी, पण मुक्काम तोच. संस्कृत 'पर्ण'चे प्राकृतात 'पण्ण' झाले आणि मराठीत 'पान'. संस्कृत 'पत्र'चे प्राकृतात 'पत्त' झाले आणि त्यातून 'पत्ता'. दोन्ही मुळात झाडाची पाने. दोन्ही पुढे लिहिण्याची झाली आणि मग खेळण्याची. म्हणूनच आपण 'पत्त्यांतले पान' म्हणतो, म्हणजे अक्षरश: पानातले पान! घराचा 'पत्ता' मात्र याच कुळातला की हिंदी 'पता'च्या वाटेने आलेला कुणी पाहुणा, यावर वाद घालता येईल. तो पाहुणा असावा असे वाटते. 'पत्ता कट होणे' यातला पत्ता कोणता? पत्त्यांच्या डावातला असावा, कारण कापतात तो तिथेच. संघातून किंवा यादीतून वगळलेल्याचा पत्ता कट होतो. वाइल्ड कार्डाचा विरुद्धार्थी शब्द मराठीत आधीपासून तयार होता, मूळ शब्द तेवढा बाहेरून यायचा होता.

तो आपल्याकडे का नव्हता, याचे उत्तर गंजिफात सापडेल. फारसीतून आलेला हा शब्द आणि हा खेळ सावंतवाडीच्या चितारी मंडळींनी आजवर जिवंत ठेवला. दशावतारी गंजिफात १२० गोल पाने: दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात बारा पाने, राजा, प्रधान आणि मग दहापासून एकपर्यंत. प्रत्येक पानाला त्याचे कूळ आणि त्याची पायरी ठरलेली. या दरबारात जोकर नाही. वाटेल त्या पानाची जागा घेणारे पान ही कल्पनाच तिथे बसत नाही. पुढे ५२ पानांचा युरोपीय संच आला तेव्हा शब्दांची सरमिसळ झाली. बदाम आकारावरून पडलेला, शब्द फारसी. चौकट आपली घरची. 'किलवर' मात्र इंग्रजी 'क्लोव्हर' किंवा डच 'क्लाव्हर'चा भाऊ दिसतो. 'इस्पिक'च्या पाठीमागे पोर्तुगीज 'इश्पादा' असावा, नसल्यास कोण, हा प्रश्न वाचकांपुढे ठेवतो. बंगालीत तर 'इस्कापन', 'हरतन', 'रुइतन' असे थेट डच खलाशांचे शब्द राहिले आहेत. 'गुलाम' अरबी, आणि त्याचा मूळ अर्थ दास नव्हे, पोरगा. मराठी माणूस पत्त्यांच्या टेबलावर बसला की एका वेळी चार-पाच भाषा हातात धरून बसतो.

जोकर या सगळ्यांत धाकटा. तो अमेरिकेत १८६० च्या दशकात 'युकर' नावाच्या खेळात जन्मला असे मानतात, आणि पुढे पोकरच्या डावात त्याला वाटेल त्या पानाचे रूप घेण्याची मुभा मिळाली. अशा पानाला इंग्रजीत 'वाइल्ड' म्हणू लागले. रमी खेळणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. पाने वाटून झाली की उरलेल्या गड्डीतले एक पान उघडून गड्डीखाली आडवे सरकवतात, त्याचा अर्धा भाग बाहेर दिसत राहतो. ती सत्ती असेल तर त्या डावापुरत्या चारी रंगांच्या सत्त्या जोकर. कालच्या डावात कुणी विचारत नव्हते ती किलवरची सत्ती आज राणीच्या शेजारी राजा म्हणून बसते. डाव संपला की पुन्हा सत्ती.

वाइल्ड कार्ड आणि हुकमाचे पान यांची आपल्याकडे सर्रास गल्लत होते, म्हणून इथे थोडे थांबतो. 'हुकूम' अरबी, धातू 'ह-क-म'. हाकिम, हुकूमत आणि आपला लाडका 'हिकमती' हे सगळे त्याच धातूचे. हुकमाच्या पानाला स्वत:ची ताकद असते. हुकमाची दुर्रीसुद्धा दुसऱ्या रंगाचा एक्का मारते. वाइल्ड कार्डाला स्वत:ची ताकद नसते, त्याला फक्त जागा असते. क्रीडापत्रकार घरच्या नामांकित खेळाडूला 'हुकमी एक्का' म्हणतात ते ठीक, पण वाइल्ड कार्ड मिळालेली सोळा-सतरा वर्षांची मुलगी हुकमी नसते. ती गड्डीखालून निघालेली सत्ती असते.

आता 'वाइल्ड'. साधे भाषांतर 'जंगली' किंवा 'रानटी'. पण दोन्ही शब्द धाराशिवात येऊन भलतेच वळण घेतात. 'जंगल' हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडून नेला आणि त्याचे घनदाट अरण्य केले. संस्कृत 'जाङ्गल' मात्र दाट झाडीचा नाही. आयुर्वेदाने देशांचे तीन प्रकार सांगितले, जांगल, आनूप आणि साधारण; त्यातला जांगल म्हणजे कमी पावसाचा, विरळ झाडीचा, कोरड्या हवेचा मोकळा मुलूख. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला धाराशिव जिल्हा या व्याख्येत नेमका बसतो. म्हणजे मूळ अर्थाने परंडा, भूम, कळंब हेच खरे 'जंगल', आणि इंग्रजांचे जंगल हा केवळ त्याच्या नावाचा तोतया. 'रान'ची गोष्ट त्याहून गोड आहे. अरण्य, प्राकृतात 'रण्ण', मराठीत 'रान'. कोकणात किंवा सह्याद्रीच्या कुशीत रान म्हणजे झाडी. मराठवाड्यात रान म्हणजे शेत. 'दादा रानात गेलाय' याचा अर्थ दादा सोयाबीनला पाळी घालायला गेला आहे; वाघ पाहायला नव्हे. काळं रान, बरड रान, बागायती रान असे त्याचे प्रकार. अरण्य नांगरून त्याचे शेत केले तरी नाव तेच राहिले असावे. तेव्हा 'वाइल्ड कार्ड'चे 'रानचे पान' असे भाषांतर केले, तर धाराशिवच्या माणसाला ते वन्य वाटणारच नाही, मशागत केलेले वाटेल. वाइल्ड कार्ड मिळालेल्या मुलीच्या बाबतीत हा अर्थ अधिक खरा आहे.

इंग्रजी 'वाइल्ड'चे मूळ इच्छावाचक 'विल'शी जोडायची एक जुनी अटकळ आहे. भाषाशास्त्राच्या काट्यावर ती टिकेलच असे नाही, पण अर्थाच्या बाजूने मोह पडतो, कारण संस्कृतातला 'स्वैर' अगदी असाच घडला आहे: स्व अधिक ईर, आपल्या मनाने चालणारा. प्रश्न एवढाच, की वाइल्ड कार्डात कुणाचे मन चालते? पत्त्यांत पान ज्याच्या हातात, त्याचे. टेनिसमध्ये पान देणाऱ्याचे. ग्रँड स्लॅम स्पर्धेत महिला एकेरीच्या मुख्य फेरीत १२८ जागा. सध्या त्यांतल्या १०४ क्रमवारीनुसार भरतात, १६ पात्रता फेरीतून येतात आणि ८ आयोजकांच्या मर्जीवर राहतात. 'मर्जी' अरबीच, तिचा मूळ अर्थ संतोष, पसंती. ड्रॉचा कागद हातात घेतला तर काही नावांपुढे मानांकनाचा आकडा, काहींपुढे पात्रतेची खूण आणि आठ नावांपुढे वाइल्ड कार्डाची दोन अक्षरे दिसतात. ती अक्षरे त्या मुलीच्या स्वभावाचे वर्णन करत नाहीत. त्या आठ जागा स्वैर असतात; मुलगी शिस्तीतच वाढलेली असते.

क्रमवारी, मानांकन, पात्रता हे शब्द मराठी पत्रकारांनी घडवले की आयते उचलले, ते शोधायला हवे. पण काम चोख झाले आहे. 'सीडिंग'चा मूळ अर्थ पेरणी. बलवान खेळाडू पहिल्याच फेरीत एकमेकांवर आदळू नयेत म्हणून त्यांना ड्रॉमध्ये अंतर ठेवून पेरायचे. तिफणीच्या मुलखात हा अर्थ सहज रुजला असता. मराठीने मात्र पेरणी सोडून 'मानांकन' निवडले, आणि त्यामुळे एक वेगळेच कोडे हाती आले.

'मान' हा मराठीत एक शब्द नाही, तीन शब्द आहेत. एक मान गळ्यामागची. ती संस्कृत 'मन्या'पासून आलेली दिसते. दुसरा मान 'मा' धातूचा, मोजण्याचा: परिमाण, प्रमाण, तापमान, पर्जन्यमान, वेतनमान. तिसरा मान 'मन्' धातूचा, मनात धरण्याचा: बहुमान, अपमान, मानकरी, मानधन. वेतनमान आणि मानधन शेजारी ठेवून पाहा. एकात मोजमाप, दुसऱ्यात मोजू नये असा आदर. म्हणून तर मानधन किती हे विचारायला आपण लाजतो. मग मानांकनातला मान कोणता? ऐकताना तिसरा वाटतो, पण व्यवहारात तो दुसराच आहे. क्रमवारीतले गुण मोजून ते काढतात. कुणाच्या मनाला तिथे फारशी जागा नाही. आणि वाइल्ड कार्ड म्हणजे? तिथे मोजणी थांबते आणि मन सुरू होते. टेनिसच्या ड्रॉवर हे दोन मान शेजारी शेजारी बसलेले असतात, एक 'मा'चा आणि एक 'मन्'चा.

पात्रतेतही अशीच मौज आहे. 'पात्र' हा 'पा' धातूचा, ज्यातून प्यायचे ते भांडे. त्यावरून जे ओतले ते धरून ठेवू शकेल तो योग्य, म्हणजे सत्पात्र. 'पत्र' हा 'पत्' धातूचा, उडणे-पडणे. म्हणून आधी पक्ष्याचे पीस आणि मग झाडाचे पान. पात्रता फेरीतून येणारी मुलगी पात्राने येते, वाइल्ड कार्डवाली पत्राने. एका कान्याचे अंतर, पण धातू वेगळे आणि वाटाही वेगळ्या. एमा रादुकानूने २०२१ च्या उन्हाळ्यात दोन्ही वाटा चालून पाहिल्या. अठराव्या वर्षी, ३३८ व्या क्रमांकावर असताना, विम्बल्डनने तिला घरची मुलगी म्हणून पत्र दिले आणि ती चौथ्या फेरीपर्यंत गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकन ओपनला ती पात्रता फेरीतून आली आणि अजिंक्य ठरली. मुंबईत २०२५ च्या महिला स्पर्धेत कोईम्बतूरची १५ वर्षांची माया राजेश्वरन पात्रता फेरीतून येऊन उपांत्य फेरीपर्यंत पोचली, तीही पात्राचीच गोष्ट.

पत्राच्या गोष्टीसाठी निजामाच्या राज्यात जावे लागेल. धाराशिवचे उस्मानाबाद झाले ते सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावाने, आणि १९५६ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद राज्यात होता. इथल्या दप्तराची भाषा उर्दू, म्हणून 'पानावर लिहून दिलेल्या मेहेरबानी'साठी इथे शब्दांची कमतरता नाही. सनद, परवाना, इनाम. 'सनद' अरबी, मूळ अर्थ टेकू, आधार. 'इनाम'मध्ये कृपेचा, नेमतीचा धातू आहे. पण सगळ्यांत नेमके शब्द आजही मराठवाड्यातल्या जमिनीच्या वादांत ऐकू येतात: 'मदतमाश' आणि 'खिदमतमाश'. 'मआश' म्हणजे निर्वाहाचे साधन. तो 'ऐश'चा सख्खा भाऊ, आणि 'बदमाश' म्हणजे मुळात ज्याचा निर्वाह वाईट मार्गाने होतो तो. मदतमाश म्हणजे आधार म्हणून दिलेली जमीन. खिदमतमाश म्हणजे देवळाच्या किंवा दर्ग्याच्या सेवेच्या बदल्यात दिलेली. ही वर्गवारी टेनिसला लावून पाहावी. गोरान इव्हानिसेविचला २००१ साली विम्बल्डनने वाइल्ड कार्ड दिले ते त्याने पूर्वी गाठलेल्या तीन अंतिम फेऱ्यांची आठवण ठेवून. ही खिदमतमाश, आणि गड्याने त्यावर स्पर्धाच जिंकली. अजून काही केलेच नाही अशा पोरीला मिळते ती मदतमाश.

त्याच हैदराबादेत २००३ साली सोळा वर्षांच्या सानिया मिर्झाला डब्ल्यूटीए स्पर्धेत अशी मदतमाश मिळाली. पहिल्याच फेरीत ती हरली. जानेवारी २००५ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपननेही तिला वाइल्ड कार्ड दिले, तिथे ती तिसऱ्या फेरीत सेरेना विल्यम्ससमोर थांबली. पुढच्याच महिन्यात तिने हैदराबादची ती स्पर्धा जिंकली, आणि डब्ल्यूटीए एकेरीचे विजेतेपद मिळवणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. जमाबंदीच्या भाषेत बोलायचे तर मदतमाशीची जमीन दोन वर्षांत स्वत:च्या मालकीची झाली.

घरचे वाइल्ड कार्ड आणि परक्या गावचे वाइल्ड कार्ड यांत फरक आहे, आणि त्यासाठी मराठी स्त्रियांच्या बोलीत एक शब्द राखून ठेवलेला आहे: 'मूळ'. लेकीला माहेरी बोलवायचे तर 'मूळ धाडतात', आणि जो भाऊ ते घेऊन जातो तो 'मुराळी'. मुळाचा मुराळी कसा झाला? 'मूळ' घेऊन जाणारा 'मूळहारी', आणि पुढे ळ आणि र यांनी जागा बदलल्या, असे झाले असावे. वाचकांपैकी कुणाला याहून चांगली वाट सुचली तर ती जरूर चालून पाहावी. 'माहेर' मात्र वादातीत आहे: मातृगृह, 'माइहर', माहेर. पंचमीला मुराळी आला नाही तर काय वाटते, हे मराठवाड्यातल्या बाईला सांगावे लागत नाही.

लोइस बोआसाँ हिला २०२५ साली पॅरिसने असे मूळ धाडले. जागतिक क्रमवारीत ३६१ वी. फ्रेंच ओपनमध्ये तिने तिसऱ्या मानांकित जेसिका पेगुलाला आणि सहाव्या मानांकित मिरा आंद्रेयेवाला हरवले आणि उपांत्य फेरी गाठली. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत विम्बल्डन. तिथे कुणी तिला वाइल्ड कार्ड दिले नाही, ती पात्रता फेरीत उतरली आणि पहिल्याच सामन्यात हरली. माहेर आणि परगाव यांतले अंतर याहून स्पष्ट कोण दाखवील? त्याच वर्षी माँट्रियलने अठरा वर्षांच्या व्हिक्टोरिया एम्बोकोला मूळ धाडले. तिने अग्रमानांकित कोको गॉफला हरवले आणि अंतिम सामन्यात नाओमी ओसाकाला. कॅनडाची मुलगी कॅनडाच्या उन्हाळ्यात कॅनडाची स्पर्धा जिंकून गेली.

त्यांच्या 'उन्हाळ्या'बद्दल दोन शब्द. उष्णकाल, 'उण्हआल', उन्हाळा. तसाच हिमकालाचा हिवाळा. पण ज्या ऋतूत लंडनकर हिरवळीवर टेनिस खेळतात, त्याच नावाच्या ऋतूत धाराशिवच्या मैदानावर दुपारी कुत्रेही थांबत नाही. म्हणून आपले माहेरपण थंडीतले. मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी महिलांची स्पर्धा फेब्रुवारीत झाली. या स्पर्धेत पुण्याची वैष्णवी आडकर आणि श्रीरामपूरची ऋतुजा भोसले यांना वाइल्ड कार्ड मिळालेले आहे. पुढे वैष्णवीने २०२५ च्या जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धेत एकेरीचे कांस्य जिंकले. ऋतुजाच्या नावावर हांगझोऊ आशियाई स्पर्धेतले रोहन बोपण्णासोबतचे मिश्र दुहेरीचे सुवर्ण आहे. आणि २०२४ साली वाइल्ड कार्डवरच खेळणाऱ्या सहजा यमलापल्लीने पहिल्या फेरीत अग्रमानांकित केला डे हिला घरी पाठवले.

मराठी घरातली मुलगी आणि टेनिस हे नाते मात्र वाइल्ड कार्डाहून पुष्कळ जुने आहे, आणि शब्दवेड्याला ते अधिकच जवळचे वाटेल. शंकर पांडुरंग पंडित हे एकोणिसाव्या शतकातले मोठे संशोधक. तुकोबांची गाथा आणि 'गउडवहो' हे प्राकृत महाकाव्य त्यांनी संपादित केले. पर्णाचे 'पण्ण' कसे होते हे ज्यांना विचारावे असे गृहस्थ. त्यांची कन्या पंडिता क्षमा राव संस्कृत कवयित्री, 'सत्याग्रहगीता' लिहिणारी, आणि टेनिसपटू. क्षमाबाईंची कन्या लीला राव हीही संस्कृतात लिहिणारी, आणि १९३४ साली विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री. आजोबा प्राकृताचे, आई संस्कृताची, नात विम्बल्डनची. टेनिसच्या जगात 'वाइल्ड कार्ड' हा शब्द तेव्हा जन्मलाही नव्हता, तो रुळला १९७० च्या दशकात. 'टेनिस' शब्दाची व्युत्पत्ती लीलाबाईंना ठाऊक असेल का? चेंडू मारण्यापूर्वी फ्रेंच खेळाडू 'तने' म्हणत, म्हणजे 'घ्या, धरा', त्यातून टेनिस झाले असे मानतात. त्या फ्रेंच क्रियापदाचे लॅटिन मूळ आणि आपला 'तन्' धातू, ज्यातून तंतू, तान आणि ताणणे आले, हे एकाच आदिभाषेचे असावेत. रॅकेटच्या तारा ताणताना हे आठवायला हरकत नाही.

वाइल्ड कार्डाची दुसरी बाजूही बोलीने सांगितलेली आहे, आणि ती गोड नाही: 'वशिल्याचे तट्टू'. 'वशिला' म्हणजे अरबी 'वसीला', साधन, माध्यम. शब्द मुळात निर्दोष, अगदी धार्मिकसुद्धा. मराठीत येऊन तो बदनाम झाला. तट्टू हे शर्यतीचे जनावर नव्हे, ओझ्याचे. म्हणून वशिल्याने शर्यतीत उतरवलेले तट्टू हास्यास्पद. वाइल्ड कार्ड मिळालेली मुलगी सरळ सेटमध्ये हरली की प्रेक्षकांत कुणीतरी हे म्हणतेच. ती जागा जिच्या हातून गेली, तिच्या घरी तर म्हणतातच, आणि त्यांची तक्रार नेहमीच खोटी असते असे नाही. 'मन्'चा मान म्हटला की कुणाचे मन, हा प्रश्न येणारच.

तेव्हा या पानाला मराठी नाव द्यायचेच तर 'मानाचे पान' याहून बरे सापडत नाही. तुळजापूरच्या दसऱ्याला नगरकडून येणाऱ्या पालखी-पलंगाचे मानकरी ठरलेले आहेत. तो मान कुणी गुण मोजून दिलेला नाही, तो 'मन्'चा मान. पण 'मानाचे पान' यातले पान कोणते, हे मात्र ठरवावे लागेल. पंगतीतले, म्हणजे केळीचे किंवा पत्रावळीचे? की विड्याचे? पंगतीतले असेल तर पाहुण्याने नुसते बसायचे, वाढणारे वाढतील. विड्याचे असेल तर गोष्ट वेगळी. संस्कृत 'वीटिका', प्राकृत 'वीडिआ', मराठी विडा. कठीण कामगिरीसाठी दरबारात तबकात विडा ठेवत आणि ज्याला छाती असेल तो तो उचले. म्हणून 'विडा उचलणे'. वाक्प्रचाराचे रूढ अर्थ पाहता मानाचे पान पंगतीकडे झुकते असे दिसते. पण देणारा ज्याला पंगतीचे पान समजतो, त्याचा घेणारीने विडा करायचा असतो, आणि तो ती करते की नाही हे पहिल्या सर्व्हिसनंतर तासा-दोन तासांत कळते.

नियमाने तिला त्यासाठी सोयही ठेवली आहे. आत कशी आली याची नोंद ड्रॉवर असते, गुणांत नसते. वाइल्ड कार्डवर जिंकलेल्या सामन्याचे गुण क्रमवारीने आलेल्या मुलीइतकेच. बोआसाँ पॅरिसला आली तेव्हा ३६१ वी होती, स्पर्धा संपली तेव्हा ६५ वी. एम्बोको माँट्रियलमध्ये ८५ वी आली आणि २४ वी होऊन बाहेर पडली. 'मन्'ने दिलेला मान 'मा'च्या मानात असा जमा होतो, आणि पुढच्या स्पर्धेत मूळ येण्याची वाट पाहावी लागत नाही. ड्रॉवर वाइल्ड कार्डाच्या दोन अक्षरांसारखीच आणखी दोन अक्षरे कधी कधी दिसतात, 'लकी लूझर'ची: पात्रता फेरीत हरूनही, कुणी माघार घेतली म्हणून आत आलेली. तिच्यासाठी मराठी शब्द अजून कुणी घडवलेला दिसत नाही. 'भाग्यवान पराभूत' हा काही शब्द नव्हे. तो परीक्षेत लिहायचा अर्थ झाला.